निम्मा हॉल कुठे गेला? सोलापुरातल्या एका कार्यशाळेचा प्रकरण अभ्यास

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही पाच जणांनी सोलापुरात गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) यांची एक दिवसाची कार्यशाळा घेतली. सकाळी दहाला हॉलमध्ये ४१ जण होते. दुपारी चारच्या चहाला मी मोजले तेव्हा १९ उरले होते. कुणी भांडून गेलं नाही, कुणी तक्रार केली नाही. लॅपटॉप मिटवून, पिशवी खांद्याला लावून एकेक जण मागच्या दाराने निघून गेला.

त्यानंतर दिवाळी झाल्यावर आम्ही तोच विषय पुन्हा शिकवला. शिकवणारे तेच होते आणि शहरही तेच. २७ जण आले आणि संध्याकाळी २४ जण बसलेले होते. मधल्या काळात काय बदललं ते इथे सविस्तर लिहितो, कारण लहान शहरात असं काही करू पाहणाऱ्याला नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी पुण्यात सात वर्षं नोकरी करून सोलापूरला परत आलो, आता जुळे सोलापुरातल्या घरातूनच काम करतो. बाकीचे चौघेही तसेच, काम पुण्या-बेंगळुरूचं आणि राहायला इथे. पुण्यात पायथॉनवाल्यांचे मेळावे होतात, बेंगळुरूत तर २००९ साली पायकॉन इंडिया हे पायथॉनवाल्यांचं देशपातळीवरचं पहिलं संमेलन झालं. आमच्या मुलांना त्यातलं काही हवं असेल तर पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, अडीचशे किलोमीटर जायचं आणि रात्री परत यायचं. मुलगा असेल तर घरचे एखाद्या वेळी जाऊ देतात. मुलगी असेल तर बहुतेक घरांत तो विषय निघतच नाही. म्हणून कार्यशाळा इथेच घ्यायची, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही.

पहिला रविवार

हॉल एका महाविद्यालयाचा होता. तिथलं वायफाय बाहेरच्यांना मिळत नाही, हे शुक्रवारी संध्याकाळी कळलं. आमच्या फोनचे हॉटस्पॉट लावू, असं आम्ही ठरवलं. कागदावर हिशेब कुणीच मांडला नाही. तो मी नंतर मांडला, तो असा: पायथॉनचा इन्स्टॉलर साधारण २५ एमबी, विंडोजसाठीचं गिट ६० एमबीच्या आसपास, कोड लिहायचा एडिटर १०० एमबीच्या आसपास, वर पांडाज हे तक्त्यांवर काम करायचं पॅकेज आणि त्याच्यासोबत येणारी पॅकेजेस. माणशी दोनशे एमबी धरा. चाळीस माणसं म्हणजे आठ जीबी. वीस एमबीपीएसचा वेग मिळाला आणि मध्ये एकदाही काही तुटलं नाही असं मानलं, तरी जवळपास तासभर नुसतं डाउनलोड. शिवाय फोनचा हॉटस्पॉट आठ-दहा जणांच्या वर सहसा कुणाला घेत नाही. त्या दिवशी इन्स्टॉल करण्यातच साडेबारा वाजले.

उरलेल्या वेळात सराव काय ठेवला होता? गिटहब ही गिटचे प्रकल्प ठेवायची वेबसाइट. पायथॉनमधून तिच्या एपीआयला (प्रोग्रॅमने माहिती मागायच्या खिडकीला) विचारायचं की अमुक प्रकल्पाला किती तारे, म्हणजे पसंतीच्या खुणा, आहेत, आणि उत्तर छापायचं. घरी मी तो दहा वेळा करून पाहिला होता. हॉलमध्ये पाचच मिनिटं चालला, मग सगळ्यांच्या पडद्यावर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', ही चूक यायला लागली. कारण साधं आहे. लॉग-इन न करता विचारलं तर गिटहब एका आयपी पत्त्याला (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकाला) तासाला ६० च वेळा उत्तर देतं. एका हॉटस्पॉटमागे बसलेले सगळे लॅपटॉप बाहेरून एकच पत्ता दिसतात. प्रत्येकाने चार-सहा वेळा बटण दाबलं की संपले साठ. हा नियम कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेला आहे. मी तो वाचला नव्हता, कारण एकट्याने काम करताना तो कधी आडवा येत नाही.

तिसरी गोष्ट पासवर्डची. आमच्या टिपणांत लिहिलं होतं की पुश करताना, म्हणजे आपलं काम गिटहबवर चढवताना, गिटहबचा पासवर्ड टाका. पासवर्डने पुश करणं १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे. टोकन (पासवर्डऐवजी गिटहब बनवून देतं ती लांब अक्षरमाळ) लागतं किंवा एसएसएच किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी यंत्रावरची फाइल. आम्ही सगळे वर्षानुवर्षं किल्लीच वापरत असल्यामुळे टिपणं जुनी झाल्याचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ज्यांनी तोवर सगळं नीट केलं होतं, त्यांनाही शेवटच्या पायरीवर लाल अक्षरं दिसली.

हे सगळं दुरुस्त करता येण्यासारखं होतं. पण निम्मा हॉल यामुळेच गेला का, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळायला महिना गेला.

मागच्या रांगेतला लॅपटॉप

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी त्या दिवशी मागून दुसऱ्या रांगेत बसली होती. राहायला पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे. घरात तेलुगू, शाळा मराठी. वडील टॉवेलच्या कारखान्यात मुकादम. ती जेवणाच्या सुट्टीत गेली ती परत आली नाही. महिन्याभराने नव्या पेठेत झेरॉक्सच्या दुकानात भेटली तेव्हा मी विचारलं, मध्येच का गेलीस?

ती म्हणाली, "दादा, लॅपटॉप माझा नव्हता की."

लॅपटॉप मामेभावाचा होता. तो पुण्यात कंपनीत, रविवारी शिफ्टला. इन्स्टॉलरवर टिचकी मारली की विंडोजची चौकट यायची आणि प्रशासकाचा पासवर्ड मागायची. भावाला तीन फोन केले, त्याने उचलले नाहीत. मग ती दोन तास ती चौकट बंद करत आणि पुन्हा उघडत बसली होती. आमच्यातले दोघे त्या रांगेतून फिरून गेले होते. "झालं का?" असं विचारलंही होतं. तिने "होतंय" म्हणून सांगितलं.

"मग सांगायचं ना," मी म्हणालो.

"सगळ्यांचं होतंय, माझंच होईना, असं कसं सांगायचं?"

हे उत्तर मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरलो. आमच्याकडे वर्गात हात वर करणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करणं. त्यातून लॅपटॉप उसना असेल तर ते कबूल करणं आणखी जड. नंतर मी गेलेल्यांपैकी आणखी अकरा जणांशी बोललो. चौघांची अडचण हीच होती: यंत्र दुसऱ्याचं, परवानगी नाही. दोघांच्या लॅपटॉपवर जागाच नव्हती. तीन मुली म्हणाल्या की त्या दिवशी त्यांच्या भागात पाण्याचा दिवस होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी घरात भरायला माणूस लागतो. त्या अकराला पोचल्या, तोवर बाकीचे पुढे गेलेत असं वाटलं आणि बसवेना. विषय अवघड गेला म्हणून निघालो, असं एकानेही सांगितलं नाही.

म्हणजे आमचं शिकवणं चांगलं की वाईट, याची परीक्षा त्या दिवशी झालीच नाही. माणसं शिकवणं सुरू होण्याआधीच गळाली होती.

पेटी

दुसऱ्या वेळी इंटरनेट नाहीच असं धरून चालायचं, हे पहिलं ठरलं. माझ्याकडे जुना लॅपटॉप पडून होता, पडद्यावर उभी रेघ आलेला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, एक राउटर जोडला आणि त्याला आम्ही पेटी म्हणायला लागलो. राउटरला बाहेरची जोडणी नाही, फक्त हॉलमधल्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं एवढंच.

पेटीत काय ठेवलं ते तपशिलात सांगतो, कारण यात दोन खाचखळगे आहेत. पॅकेजेस आधी उतरवून ठेवायला पिपचा (पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाचा) डाउनलोड हा आदेश आहे. पण तो ज्या यंत्रावर चालवाल त्या यंत्राला लागणाऱ्या फाइली आणतो. मी लिनक्सवर चालवला आणि पहिल्यांदा सगळ्या लिनक्सच्याच फाइली आल्या. मुलांच्या लॅपटॉपवर विंडोज. म्हणून प्लॅटफॉर्म विन-एएमडी-६४ (म्हणजे ६४-बिट विंडोज), फक्त तयार बांधलेली पॅकेजेस आणि पायथॉनची नेमकी आवृत्ती, हे तिन्ही सांगावं लागतं. आवृत्तीचा मुद्दा दुसरा. पांडाजची पायथॉन ३.११ साठी बांधलेली फाइल ३.१२ वर बसत नाही. तेव्हा सगळ्यांनी एकच आवृत्ती घ्यायची आणि तिचा इन्स्टॉलरही पेटीतच ठेवायचा. मग पेटीवर पायथॉनचाच छोटा एचटीटीपी सर्व्हर (फाइली वाटणारा प्रोग्रॅम) चालवला, आणि मुलांनी पिपला सांगायचं की बाहेर बघू नकोस, या पत्त्यावर शोध. नो-इंडेक्स आणि फाइंड-लिंक्स हे ते दोन पर्याय.

गिटसाठी गिटहबची गरजच नव्हती, हे मला आधी सुचायला हवं होतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं तेव्हा गिटहब नव्हतंच. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत, हेच तर त्याचं मूळ. पेटीवर सगळ्यांचं काम जमा करायला एक रिकामं सामायिक भांडार उघडलं आणि ते इतर यंत्रांना देणारा गिट डेमन हा प्रोग्रॅम ९४१८ या पोर्टवर चालू ठेवला. डेमन मुळात फक्त वाचू देतो. लिहू द्यायचं तर ते वेगळं सुरू करावं लागतं, कारण तिथे कोण लिहितंय याची ओळखच तपासली जात नाही. एका हॉलपुरत्या, बाहेर न जोडलेल्या राउटरवर ते चालतं. एरवी कुणी असं करू नये, हे मुलांना पहिल्याच तासाला बजावून सांगितलं.

उसन्या लॅपटॉपचं उत्तर शोधायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि ते इतकं सोपं निघालं की वाईट वाटलं. पायथॉनचा विंडोज इन्स्टॉलर एकट्या वापरकर्त्यापुरता बसतो, त्याला प्रशासकाची परवानगी लागत नाही. 'सगळ्यांसाठी लाँचर' या चौकोनातली खूण काढायची आणि पाथची (पायथॉन कुठे आहे हे विंडोजला कळवणारी) खूण करायची. विंडोजसाठी गिटची पोर्टेबल प्रत मिळते, ती आपल्या फोल्डरमध्ये नुसती उलगडायची. एडिटरचाही वापरकर्त्यापुरता इन्स्टॉलर असतो. म्हणजे त्या मुलीचं काम पहिल्या रविवारीसुद्धा दहा मिनिटांत झालं असतं, तिच्याजवळ बसून कुणी ती चौकट बघितली असती तर.

इन्स्टॉलेशन आम्ही रविवारातून काढूनच टाकलं. आदल्या शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ हॉल उघडा ठेवला, चार पेनड्राइव्ह फिरवले, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा येऊन लॅपटॉप तयार करून न्यायचा. रविवार अकराला सुरू केला. पाण्याचा दिवस प्रत्येक भागाचा वेगळा, त्यामुळे सगळ्यांना सोयीचा रविवार सापडत नाही. तास मात्र सापडतो.

चिमटे

१९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवायला सॉफ्टवेअर कार्पेंट्री सुरू केली. त्यांच्या वर्गात प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या देतात. काम झालं की एका रंगाची चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावर लावायची, अडलं की दुसऱ्या रंगाची. हात वर करायचा नाही, बोलायचं नाही. मदतनीस बघतो आणि येतो.

आम्ही चिठ्ठ्या आणल्या आणि शनिवारीच लक्षात आलं की पंख्याखाली त्या टिकत नाहीत. एक उडाली की मदतनिसाला वाटतं सगळं ठीक आहे. तेव्हा आमच्यातल्या एकाची आई म्हणाली, "चिमटे लावा की." कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे, लाल आणि हिरवे. रविवारी प्रत्येक जागेवर दोन ठेवले. नियम एकच सांगितला: दोनपैकी एक चिमटा कायम पडद्याच्या वरच्या कडेला असलाच पाहिजे. त्यामुळे लाल लावणं ही वेगळी हालचाल राहिली नाही. मध्येच कुणाला वेग जास्त वाटला तर दोन्ही लावायचे, हे मुलांनी आपणहून सुरू केलं. दोन्ही लावलेले तीन जण दिसले की मी थांबायचो.

पाच जणांमागे एक मदतनीस होता. त्यातले दोघे तेलुगू बोलणारे आणि एक कन्नड. शिकवणं मराठीत, पण शेजारी बसून अडलेलं सोडवताना घरची भाषा कानावर आली की माणूस सैल होतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

टॉवेलची वही

सरावासाठी यावेळी त्या मुलीच्या वडिलांकडून टॉवेलच्या विक्रीची जुनी वही मागितली. मालकांनी व्यापाऱ्यांची नावं बदलून वापरायला होकार दिला. तारीख, व्यापारी, गाव, माप, डझन, वजन. चारशे ओळी आम्हीच टाइप करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) केली, वहीत जशा होत्या तशा, चुकांसकट आणि देवनागरी आकड्यांसकट.

आकडे देवनागरीत आहेत म्हणून ते आधी बदलावे लागतील, असं सगळ्यांना वाटलं. एकाने नुसतं करून पाहिलं: अक्षरांचा पूर्णांक करणाऱ्या पायथॉनच्या इंटला '१२' देवनागरीत दिलं. उत्तर बारा. दशांशवाल्या फ्लोटला '५.५' दिलं, तेही चाललं. युनिकोडमधले (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतले) कुठल्याही लिपीचे दशमान अंक पायथॉन ओळखतो. आपल्या लिपीतला आकडा मशीनने विनातक्रार घेतलेला पाहून हॉलमध्ये जो आवाज झाला, तो मला अजून आठवतो.

मग एका मुलाने गावांची नावं रकान्यात सारखी मांडायला घेतली आणि ती वाकडी यायला लागली. 'सोलापूर' ची लांबी विचारली तर सात. आपण मोजतो चार: सो, ला, पू, र. पायथॉन काना, मात्रा आणि ऊकार वेगळे मोजतो. फळ्यावर सातही चिन्हं सुटी लिहून दाखवली. या एका शब्दावर वीस मिनिटं गेली आणि मी ती जाऊ दिली.

सगळ्यात चांगली चूक त्या मुलीला सापडली. गावनिहाय बेरीज काढली तर कऱ्हाड दोनदा येत होतं. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे. तिने लाल चिमटा लावला, मदतनीस गेला, त्यालाही कळेना, त्याने मला बोलावलं. अक्षरं सुटी करून बघितली तेव्हा दिसलं की एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त आहे, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा जोडणारा वर्ण. टाइप करणारे आम्ही दोघे होतो आणि आमचे कीबोर्ड वेगळे होते. एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने र आणि सुटा नुक्ता एकत्र येऊन ऱ होतो, पण हा दुसरा प्रकार त्याने मिटत नाही. तो आपल्यालाच बदलून घ्यावा लागतो. तिने दोन ओळींचं फंक्शन लिहिलं. बेरीज जुळली.

तिच्या वडिलांना उपयोगी पडलं ते मात्र वेगळंच. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल म्हणजे साधारण १.१६ चौरस मीटर. डझनाचं वजन साडेपाच किलो असेल तर एका टॉवेलचं ४५८ ग्रॅम, म्हणजे जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) ३९५ च्या आसपास. प्रत्येक ओळीचा जीएसएम काढून जो फार वर किंवा फार खाली जाईल तो दाखवायचा, एवढाच प्रोग्रॅम. एका ओळीत जीएसएम ३९४७ आला. वहीत साडेपाचऐवजी पंचावन्न लिहिलं गेलं होतं. अशा सहा ओळी निघाल्या. निकालाची फाइल एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी परक्या लिपीची ठिगळं. यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) देऊन पुन्हा लिहिली की एक्सेलला कळतं. ही एक युक्ती घेऊन घरी गेलेल्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी आपापल्या ओळखीच्या दुकानांच्या फाइली दुरुस्त केल्या.

गिटचा धडा यातूनच आला. दोघांनी एकाच फाइलमधली जीएसएमची वरची मर्यादा वेगवेगळी बदलली. पहिल्याचा पुश गेला, दुसऱ्याचा पेटीने परत पाठवला. मी समजावायच्या आधी तेलुगू मदतनीस मराठीतच म्हणाला, "दुकानाच्या दोन वह्या आहेत बघा. आधी त्याची नोंद आपल्या वहीत उतरवून घ्यायची, दोन्ही जुळतात का बघायचं, मगच आपली चढवायची." मी अनेक वर्षं पुल आणि मर्ज, म्हणजे दुसऱ्याचे बदल आणणं आणि आपल्यात जुळवणं, शिकवतोय, इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नव्हतं.

प्रमाणपत्र आणि बाकीचं

दुसऱ्या वेळी प्रमाणपत्र दिलं नाही. एका प्राध्यापकांनी आधीच सांगितलं होतं की त्याशिवाय मुलं येणार नाहीत, आणि नोंदणी खरोखरच कमी झाली. तरी प्रमाणपत्र नको, हे माझं मत अजूनही कायम आहे. हजेरीचा कागद मिळणार म्हणून बसलेला माणूस लाल चिमटा लावत नाही, त्याला चार वाजायची वाट बघायची असते. कागदाऐवजी प्रत्येकाने आपलं काम बंडल करून पेनड्राइव्हवर नेलं. गिट बंडल ही एकच फाइल, तिच्यात सगळा इतिहास. टोकन आणि एसएसएच किल्लीचा भाग आम्ही त्या दिवशी घेतलाच नाही. तो पुढच्या दोन रविवारी चौघा-चौघांच्या गटात, ज्याच्या त्याच्या मोबाइल डेटावर घेतला.

जेवणाला प्रत्येकी शंभर रुपये काढले होते. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि पिठलं. राउटर धरून एकूण खर्च पहिल्या वेळेपेक्षा कमी आला.

दिवसभरात गळालेले ते तिघे कोण, हे यावेळी त्याच संध्याकाळी विचारून घेतलं. एकाच्या घरी लग्न होतं. उरलेल्या दोघांकडे लॅपटॉपच नव्हता. ते मित्रांच्या शेजारी बसून बघत होते आणि बघून बघून कंटाळले. दोघांकडे अँड्रॉइड फोन होते. फोनवर टर्मक्स या आदेश टाइप करायच्या अ‍ॅपमध्ये पायथॉन आणि गिट दोन्ही चालतात, पेटीवरून क्लोनही होतं, म्हणजे भांडाराची पूर्ण प्रत घेता येते. मी घरी करून पाहिलं. पण टर्मक्समध्ये पांडाज बसवणं जिकिरीचं आहे, म्हणून वहीचा सराव मी पायथॉनसोबतच येणाऱ्या नुसत्या सीएसव्ही मॉड्यूलने पुन्हा लिहिलाय. टर्मक्सची फाइल पेटीत टाकली आहे आणि दोन जुने यूएसबी कीबोर्ड, ते फोनला जोडायच्या ओटीजी केबलसकट, पिशवीत भरून ठेवलेत. त्या दोघांना पुढच्या शनिवारी पाचला बोलावलंय.